घटिकापात्र बुडेना

एका राज्यात लग्नाचा मुहूर्त येऊन ठेपला, आणि तिथेच अडला. राजाचे नाव भद्रकेतू, राणी चारुमती, आणि त्यांची एकुलती एक लेक इंदुलेखा. गोरज मुहूर्त होता. अंतरपाटाच्या अलीकडे इंदुलेखा, पलीकडे राजपुत्र मेघवर्मा. घंगाळात घटिकापात्र सोडलेले. तळाच्या भोकातून पाणी शिरून ते बुडायचे, की अंतरपाट दूर व्हायचा. पण पात्र काही बुडेचना! सूर्यही डोंगरावर वीतभर उंच अडकला तो अडकलाच.

भटजींची मंगलाष्टके संपली. मग त्यांनी नद्यांची नावे गुंफली, मग पर्वतांची, शेवटी भाज्यांची. कढईतली जिलबी तळून होईना. एरवी 'मेला वेळच मिळत नाही' म्हणणारे सारे राज्य आता जांभया देत बसले. हवा होता ना वेळ? घ्या!

इंदुलेखेचा जीव मात्र कासावीस झाला. नवऱ्याचे तोंडसुद्धा तिने पाहिले नव्हते. पलीकडून त्याचे उसासे तेवढे ऐकू येत. तेव्हा मांडवाच्या खांबावरची साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, कालंजर मायाव्याला विचार."

मुंडावळ्या बांधलेलीच ती सात डोंगर चालून गेली. वेळ लागला नाही, कारण वेळ नव्हताच. कालंजर चुलीपुढे भात शिजायची वाट बघत बसला होता.

"मायाव्या, काळ कोणी बांधला?"

"मीच. तुझ्या पित्याने नवलखा हार देऊन बांधून घेतला."

"मग सोड."

"बांधणे माझ्या हाती, सोडणे तुमच्या घरच्यांच्या. तुझे, राजाचे आणि राणीचे खरे वय भर मांडवात तुझ्या आईबापांच्या तोंडून निघू दे. माझाही भात शिजेल, बाई!"

इंदुलेखा परतली आणि थेट राजापुढे उभी राहिली. "आबासाहेब, हे खरे?"

राजाने मान खाली घातली. "कालपरवा तर रांगत होतीस ग. म्हटले, एवढा एक दिवस तरी सरू नये."

तिला राग आला आणि रडूही आले. "मला संसार मांडायचा आहे, आबासाहेब. माझे वय सांगा."

"बारा," राजा म्हणाला. पात्र ढिम्म.

"आबासाहेब!"

"वीस." पात्र बोटभर खाली गेले.

"आता आपले."

राजाने मुकुट काढला. टक्कल पाहून वरपक्षाच्या बायका पदराआड हसल्या. "अठ्ठावन्न." पात्राच्या काठाला पाणी लागले.

राहिले राणीचे. राजाने सात लढाया जिंकल्या होत्या, वाघाच्या जबड्यात हात घातला होता. पण हा आकडा उच्चारायची त्याची छाती होईना. गेली सोळा वर्षे राणीसाहेब एकतिसाव्या वर्षातच होत्या. सारा मांडव जमिनीकडे बघू लागला. भटजीसुद्धा दुधीभोपळ्यापाशी थांबले.

राणीने लेकीकडे पाहिले. चालून पोरीचे पाय सुजले होते, गालावरची हळद सुकून तडकली होती. राणी ताडकन उठली.

"सत्तेचाळीस! आणि गुडघेही दुखतात माझे! ऐकलेत ना सगळ्यांनी? आता लावा माझ्या पोरीचे लग्न!"

बुडुक! पात्र तळाला गेले. सूर्य झरकन मावळला, अंतरपाट खाली आला, वाजंत्री वाजू लागली. मेघवर्म्याने इंदुलेखेला पाहिले आणि हार घालायचे विसरून तो नुसता हसत राहिला. पंगतीत कुरकुरीत जिलबी वाढली गेली.

पाठवणीला राजा लहान मुलासारखा मुसमुसत होता. "परत कधी येशील, बाळे?"

"उद्याच. सासर नदीपलीकडे तर आहे."

"उद्या कोणत्या प्रहरी?"

"आधी घरी जाऊन निजा," राणी म्हणाली, "म्हणजे लवकर उजाडेल."

राजा कुठला निजतोय! रात्र भरभर सरावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला. त्यांच्या दारी सकाळ जशी वेळेवर आली, तशी तुमच्याआमच्या दारीही येवो.