हार्टेनलोहचा पहिला पेला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. गोष्ट मात्र बदलत नाही.

जर्मन मुलखात एका उघड्या डोंगरमाथ्यावर हार्टेनलोह नावाचं गाव होतं. गावात गहू पिकायचा, सफरचंदं लागायची, चर्चची घंटा तीन कोसांवर ऐकू जायची. पाणी तेवढं नव्हतं. बायका खालच्या ओढ्यावरून बादल्या आणायच्या आणि चढणीवर निम्मं पाणी सांडायचं. चर्चमागे एक जुनी विहीर होती, पण ती दगडांनी बुजवलेली. का बुजवली ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. पूर्वी कधीतरी मोठी साथ आली होती. ज्यूंनी विहिरीत विष कालवलं अशी आवई उठली, आणि गावाने आपल्यातल्या ज्यूंना त्याच विहिरीत लोटून वर दगड टाकले होते.

त्या मुलखात फाल्क नावाचा एक ज्यू विहिरी खोदत फिरायचा. ज्यूंच्या धर्मात स्नानाचं कुंड लागतं, आणि त्यात ओतून आणलेलं पाणी चालत नाही, आपणहून आलेलं लागतं. तसली कुंडं खोदण्यात फाल्कचा हात धरणारं कुणी नव्हतं. असं म्हणतात, की तो जमिनीला कान लावून पडला की साठ हात खालचा झरा त्याला ऐकू यायचा, आणि पाणी गोड की खारट तेही तो सांगायचा.

त्याला स्वतःला मात्र घर नव्हतं. तिथल्या सरदाराने ज्यूंची घरं मोजून ठेवली होती. एक घर, एक वारस. घर थोरल्या भावाला, हायुमला मिळालं. फाल्क धाकटा, म्हणून तो बायको आणि मुलीला गाडीत घालून गावोगाव हिंडायचा. एका हिवाळ्यात बायको तापाने फणफणली. एका गावाने शिवेवरूनच हाकललं, दुसऱ्याने नाव विचारलं आणि फाटक लावून घेतलं. दोन शिवांच्या मधे, गाडीतच ती गेली. मागे राहिली सहा वर्षांची गीटल. त्या दिवशी फाल्कने मनाशी एकच गाठ मारली. या पोरीला स्वतःचा उंबरठा मिळाला पाहिजे.

मग तीन उन्हाळे असे आले, की खालचा ओढाही आटला. हार्टेनलोहचा मुखिया फाइट फाल्ककडे आला. फाल्क गावभर फिरला, जागोजाग कान लावून पडला आणि शेवटी चर्चमागच्या दगडांवर येऊन थांबला. म्हणाला, पाणी इथेच आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. ज्यूचा हात, आणि आपल्या पाण्याला? पाद्रीबाबांनी वाट काढली. याने बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे तो आपल्यातला झाला. मग सरदार घरही देईल आणि हात कुणाचा हा प्रश्नच उरणार नाही.

फाल्कने आठ दिवस मागितले आणि दुसऱ्याच दिवशी होकार दिला. त्याचं नाव गॉटलीप ब्रुनर झालं, गीटलचं योहाना. हायुमने ते ऐकलं, अंगातला सदरा फाडला आणि सात दिवस जमिनीवर बसून जिवंत भावाचं सुतक पाळलं.

गॉटलीपने खोदायला घेतलं. दगड निघाले, दगडांखाली काय निघालं ते त्याने कुणाला दाखवलं नाही. असं म्हणतात, की तो खाली एकटाच उतरायचा आणि वर लोकांना दोन आवाज ऐकू यायचे, एक कुदळीचा आणि एक हळू प्रार्थनेचा. चाळिसाव्या दिवशी झरा लागला. त्याच दिवशी त्याला तळाशी तांब्याचा एक पेला सापडला. पेल्यावर हिब्रू अक्षरांत एका बाईचं नाव कोरलेलं होतं. त्याने तिथेच बसून वाळूने ते नाव घासून काढलं. अक्षरं गेली, पण पत्रा तिथे इतका पातळ झाला, की पाणी भरलं की अंगठ्याला गार लागायचं.

पाणी काचेसारखं होतं. सगळं गाव बादल्या घेऊन उभं राहिलं आणि पुढे कुणीच होईना.

फाइट म्हणाला, "गॉटलीप, तूच आधी पी. म्हणजे लोकांच्या मनात काही राहणार नाही."

तो प्यायला. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. तो उभाच होता. मग आनंदाच्या भरात म्हणा, नाहीतर त्या उंबरठ्याच्या ओढीने म्हणा, त्याने पेला वर धरला आणि कुणी न मागितलेलं वचन देऊन टाकलं. "रोज सकाळी पहिला पेला माझ्या घरचं माणूस पिईल. विहिरीला पाणी आहे तोवर."

लोकांनी टोप्या उडवल्या. घर मिळालं, घराला उंबरठा होता, आणि योहाना त्यावर बसून सफरचंद खाऊ लागली.

वर्षं गेली. गॉटलीप रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी जायचा, डुकराचं मांस सगळ्यांदेखत खायचा. रोज सकाळी विहिरीवर बादल्यांची रांग लागायची आणि तो येईपर्यंत एकही बादली आत जात नसे. जरा उशीर झाला की बायका म्हणायच्या, "काय गॉटलीपबाबा, देवाशी बोलणं लांबलं वाटतं? कुठल्या देवाशी म्हणायचं?" तोही हसायचा. दहा वर्षांनी तो फाइटला म्हणाला, आता पुरे करू या का? फाइटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "अरे, हा तर तुझा मान. मान कुणी परत करतं का?"

योहानाचं लग्न गावातल्याच एका सुताराशी ठरलं. लग्नाच्या सकाळी गॉटलीप आजारी होता, उठता येत नव्हतं. वऱ्हाडासाठी पाणी हवं होतं. रांग दाराशी आली. योहाना नवरीच्या वेशात विहिरीवर गेली, पहिला पेला प्यायली आणि पाव घटका सगळ्यांच्या नजरेसमोर उभी राहिली. तिचा होणारा नवराही त्या रांगेत बादली घेऊन उभा होता. त्याच्याही बादलीत पाणी नव्हतं.

ते गॉटलीपने अंथरुणातूनच खिडकीतून पाहिलं. तेव्हा त्याला कळलं, की ज्या उंबरठ्यासाठी त्याने सगळं दिलं, तो या विहिरीच्या काठावर येऊन संपतो.

पुढे योहानाला मुलगी झाली. ती पावलं टाकायला लागली त्या वर्षी म्हातारा गॉटलीप एका दुपारी कुदळ नि दगडांची टोपली घेऊन विहिरीत उतरला. योहाना धावत आली, काठावरून ओरडली, "बाबा, वर या. काय करताय?"

खालून आवाज आला, "वचन पाण्यापुरतं होतं, पोरी. पाणी बंद करतो."

असं म्हणतात, की त्याने झऱ्याच्या तोंडात एकेक दगड ठोकला, आणि झरा दर दगडागणिक दुप्पट होऊन उसळला. पाणी साठ हात चढून काठाला लागलं. टोपली तरंगत वर आली. गॉटलीप आला नाही.

गाव म्हणालं, त्याने जीव देऊन विहीर भरली, केवढा धर्मात्मा. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. बादल्या रिकाम्या होत्या. योहाना आली. त्या पाण्यात बाप होता. तिने पेला भरला आणि प्यायली.

त्यानंतर किती पिढ्या गेल्या! ब्रुनरांच्या घराण्यात सुतार झाले, सैनिक झाले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे झाले. चर्चच्या जुन्या वह्या एका आगीत जळाल्या. पहिल्या पेल्याची गोष्ट म्हाताऱ्या सांगायच्या, पण ती आपल्याच रक्ताची आहे हे त्या घराच्याही मनात येईना. तो मान होता, एवढंच. मुलं पेल्यावरच्या गार जागेवर अंगठा ठेवायला भांडायची.

मग आपल्या पणजोबांच्या काळात तो अंमल आला, ज्याने माणसांची रक्तं मोजली. एक अधिकारी कागद घेऊन हार्टेनलोहमध्ये आला. वह्या नव्हत्या. इथे ज्यू रक्ताचं कुणी नाही असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरंच समजून सांगितलं. अधिकारी निघाला होता. जाताना विहिरीपाशी थांबला, पाणी मागितलं. एक म्हातारी म्हणाली, "थांबा साहेब, आधी ब्रुनरांचं माणूस येऊ द्या. आमच्या गावची रीत आहे." त्याने विचारलं, कसली रीत? म्हातारी गोष्ट सांगण्यात हुशार होती. ती काठावर बसली आणि तिने ही गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, नावांसकट, जशी मी तुम्हाला सांगितली तशी. अधिकाऱ्याने वही काढली.

ब्रुनर अकरा होते. त्यांना न्यायला एका सकाळी ट्रक आला. पाण्याची रांग लागलेलीच होती. घरातली सगळ्यांत मोठी बाई, लिनाआजी, ट्रककडे न जाता आधी विहिरीवर गेली, पेला भरून प्यायली आणि रांगेकडे वळली.

"घ्या," ती म्हणाली. "चांगलं आहे."

पेला पालथा ठेवून ती निघून गेली. अकरांतलं कुणी परत आलं नाही.

आता हार्टेनलोहमध्ये घरोघर नळ आहेत. पण दर वर्षी, ट्रक आला होता त्या दिवशी, सकाळी सगळं गाव बादल्या घेऊन विहिरीवर जमतं. कुणीतरी तो पेला सरळ करतं, भरतं आणि काठावर ठेवतं. मग सगळे रांगेत उभे राहतात. ऊन पेल्यावर येतं, पेल्यावरून पुढे सरकतं. त्या पेल्याला कुणी हात लावत नाही. दुपारी पाणी जमिनीवर ओततात, पेला पालथा घालतात आणि रिकाम्या बादल्या घेऊन घरी जातात.

पाहुण्यांनी कारण विचारलं, तर गावकरी सांगतात, आमच्याकडे रीत आहे, पहिला पेला आम्ही पीत नाही.