हजार मोहरा परत

“पुढच्या अमावास्येपर्यंत हजार मोहरा परत आण, नाहीतर कोठीच्या किल्ल्या ठेव आणि घरी जा,” महाराज मला म्हणाले.

मी सारजा. वैजनगरच्या राजवाड्यात चौदा वर्षं कोठी सांभाळत होते. धान्य, तेल, तूप, साबण, सगळं माझ्या ताब्यात. दुसरं कुठलं काम मला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हेही जेमतेमच येत होतं.

त्या वर्षी धनपाळ शेठनी गावात कार्डं काढली होती. कार्ड म्हणजे तळहाताएवढी पत्र्याची पट्टी. शेठच्या दुकानात ती दाखवायची, माल उचलायचा आणि महिनाअखेरीस पैसे भरायचे. भरले की त्यातला थोडा हिस्सा शेठ परत देत. तांब्याचं कार्ड किराण्यावर, पितळेचं तेलावर, आणि सोनेरी कार्ड सगळ्यावर; पण सोनेरीला वर्षाला शंभर मोहरा फी. महाराजांनी तिन्ही घेतली. कोणतं कशावर चालतं हे लक्षात राहावं म्हणून मी त्यांना रंगीत दोरे बांधले आणि कोणता रंग कशाचा तेच विसरले. तेलाच्या कार्डावर मी तीन आठवडे भोपळे आणत होते.

तरी चटक मलाही लागली होती. पाच मोहरा परत मिळतात म्हणून शंभराचं तूप आणायचं, आणि पाच वाचल्या म्हणून महाराजांनी आणि मी एकमेकांचं कौतुक करायचं, असं आमचं चाललं होतं.

“महाराज,” मी म्हणाले, “विसावा हिस्सा परत मिळतो. हजार यायला वीस हजार खर्चावे लागतील.”

“खर्च एका मोहरेनंही वाढता कामा नये. शेजारच्या राजाला दर महिन्याला हजार परत मिळतात. त्याला जमतं, मग आम्हाला का नाही?”

ही बातमी आणणारे धनपाळ शेठ शेजारीच बसले होते. ते नम्रपणे म्हणाले, “बाईंना कार्ड निवडता येत नाही, महाराज. माझा मेहुणा यात हुशार आहे. कोठी त्याच्याकडे दिलीत तर...”

“अमावास्येपर्यंत थांबू,” महाराज म्हणाले.

तीन दिवस मी तिन्ही कार्डं पुढे मांडून बसले. तांब्याचं की पितळेचं? सोनेरी वापरलं तर फी जाऊन किती उरतात? डोकं दुखायला लागलं, म्हणून चोळायला तेल आणायला कोठीत गेले आणि तुपाच्या रांजणाला अडखळून धाडकन पडले. कोठीत पाऊल टाकायला जागाच नव्हती. जिकडे पाहावं तिकडे रांजण, बरण्या, पेट्या, आणि सगळ्यांवर शेठचं सील जसंच्या तसं. पडल्या पडल्या मला एक गोष्ट सुचली. उभी असताना मला सहसा काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार बैलगाड्या भरून मी शेठच्या दुकानापुढे उभी राहिले. दुकानावर हातभर अक्षरांत पाटी होती : ‘पैसे परत’.

“शेठ, हा माल घ्या आणि पैसे परत द्या.”

“माल परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, बाई.”

“पाटीवर लिहिलंय की.”

“त्याचा अर्थ विसावा हिस्सा परत. कार्डावर. खर्च केल्यावर.”

“एवढं सगळं कुठे लिहिलंय?”

“रंगारी अक्षरामागे पैसे घेतो हो. म्हणून दोनच शब्द लिहून घेतले.”

तोवर गर्दी जमली होती. लोहाराची बायको मागून म्हणाली, “अगंबाई, माल परत घेतायत? थांबा, माझ्याकडे साबणाच्या तीन पेट्या पडल्यात.”

“आणि माझं हळदीचं पोतं,” दुसरी म्हणाली. दोघी घराकडे पळाल्या. त्यांच्या मागून आणखी चौघी.

शेठनी पळणाऱ्या बायकांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि घाईघाईनं थैली काढली. “बाई, एवढे घ्या आणि गाड्या मागच्या दारानं आत घाला.”

मोहरा मोजताना मी दोनदा चुकले. शेवटी शेठनीच हजार मोजून दिल्या. माझी शेवटची गाडी वळेपर्यंत पाटी खाली उतरली होती.

मी दरबारात थैली ठेवली, तोच शेठ धापा टाकत आले.

“फसवणूक आहे, महाराज! कार्डावर परत मिळवायचे होते. हिनं मालच परत केला.”

“कोणतं कार्ड वापरलंस?” महाराजांनी मला विचारलं.

“एकही नाही. आपण हजार मोहरा परत आण म्हणालात. वाट कोणती, ते माझ्यावर सोडलंत.”

“आणि माल कसला परत केलास?”

“तूप, साबण आणि सत्तर बरण्या माक्याचं तेल.”

“केसांचं तेल? सत्तर बरण्या? कोणी मागवलं होतं?”

मी त्यांच्याकडेच पाहिलं. महाराजांनी सावकाश मुकुट काढून मांडीवर ठेवला. डोक्यावर एक केस नव्हता.

“पितळेच्या कार्डावर त्या आठवड्यात दुप्पट परत होते,” ते हळूच म्हणाले.

“पण शेजारच्या महाराजांना हजार मिळतात,” शेठ म्हणाले.

“मिळत असतील,” मी म्हणाले. “महाराजांनी एकदा त्यांची कोठी पाहून यावी. दार उघडलं तर!”

महाराज आधी गालात हसले, मग मांडीवर थाप मारून, मग असे की मुकुट घरंगळत शेठच्या पायाशी गेला.

“मग आता कार्ड ठेवायचं कोणतं?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“तांब्याचं. धान्य रोज लागतंच, आणि त्याला फी नाही. फक्त ते माझ्याकडे असू द्या, आपल्याकडे नको.”

महाराजांनी सोनेरी कार्ड शेठच्या हातात ठेवलं, आणि त्याच्या फीच्या शंभर मोहरा दरवर्षी मला द्यायचा हुकूम सोडला.

त्याच संध्याकाळी मी एक लुगडं घ्यायला गेले. दोनांवर तिसरं फुकट होतं, म्हणून तीन घेऊन आले. महाराजांना हे कळल्यावर त्यांना जेवता जेवता हसून ठसका लागला, असं राणीसाहेब मला सांगायला आल्या. आणि जाताना त्यांनी, मी ज्यासाठी गेले होते नेमकं तेच लुगडं मागून नेलं.