भोपळ्याची गाठ

चातुर्मास आला की कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं. एका वर्षी मी देवापुढे हात जोडले आणि एक वाक्य सोडलं: ‘राहू दे, मीच करते.’ लेक वेणी वाकडी घालू दे, दूध सांडू दे, हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. कांद्यापेक्षा कठीण गेलं, बायांनो. त्या व्रताला मी एक कहाणी जोडली. लहानथोर सगळे ऐका.

फार फार वर्षांपूर्वी, दूर चीन देशात, एक आटपाट नदी होती. नदीवरची माणसं होड्यांतच राहत. होडीत चूल, होडीत पाळणा, होडीतच देव. तिथली रीत अशी, की लेकरू रांगू लागलं की त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधायचा. पाण्यात पडलंच, तर तरंगेल. पोहता आलं की आईने गाठ सोडायची आणि भोपळा नदीला वाहायचा.

एका होडीत एक नावाडीण होती. तिचा नवरा पुरात गेला होता. मागे एकच लेक, लियान, म्हणजे कमळ. नावाडिणीने तिच्या पाठीला भोपळा बांधला तो सोडलाच नाही. लेक वाढली, तसा भोपळाही मोठा आला.

बरोबरीच्या मुली पाण्यात सूर मारत आणि हाका मारत, “भोपळेबाई, येतेस का?” लियान म्हणे, “आई, मला पोहायला शिकव ना.” आई म्हणे, “तुला कशाला? मी आहे ना.” लेकीने वल्हं हाती घेतलं की म्हणे, “राहू दे, मीच करते.”

शेजारच्या होडीतले आजोबा एकदा नावाडिणीला म्हणाले, “पोरी, आपल्या चिनी भाषेत फाजील लाडाला जो शब्द आहे, त्यातच बुडणं आहे. वाडवडिलांनी तो उगीच नाही ठेवला.”

“आजोबा, बुडणं म्हणजे काय ते मला नका सांगू,” नावाडीण म्हणाली.

पुढे जपानच्या बेटांवरून आलेली एक म्हातारी जोगीण तिच्या होडीत बसली. लियानची पाठ बघून ती हसली. “आमच्याकडे म्हणतात, लेकरू लाडकं असेल तर त्याला प्रवासाला धाडावं.”

“तुमच्याकडच्या आयांना झोप कशी लागते?”

“लागत नाही,” जोगीण म्हणाली. “तरी धाडतात.”

एके दुपारी वारा सुटला. होडी कलली आणि लियान पाण्यात पडली. आई निर्धास्त होती, भोपळा होता ना पाठीला. पण भोपळ्याला आतून कीड लागली होती. तो तडकला, त्यात पाणी भरलं. आता तो तरंगेना आणि पाठीवरून सुटेना. लियानला हातपाय मारणं ठाऊक नव्हतं. गाठ सोडणंही ठाऊक नव्हतं. ती आजवर आईच बांधत आली होती.

नावाडिणीने मासे चिरायची सुरी दातांत धरली आणि उडी घेतली. दोर कापला, लेकीला वर आणलं. लियानने श्वास घेतला, तेव्हा कुठे आईला रडू फुटलं.

धाकटा दीर धावत आला. “वहिनी, आता फेक हिला पाण्यात. शिकेल आपोआप. म्हणच आहे, काठीखाली गुणी लेकरं निपजतात.” आपल्या मुलाला त्याने तसंच शिकवलं होतं. मुलगा पोहायचा सुरेख, पण बाप दिसला की पलीकडच्या काठाला जायचा.

“नको भावजी,” नावाडीण म्हणाली. “बांधून बुडवलं तेवढं पुरे. फेकून नाही शिकवायची मी.”

दुसऱ्या दिवशी तिने नदीला फूल वाहिलं, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि लेकीच्या पाठीखाली हात धरला. रोज असंच चाललं. मग एका सकाळी लियान म्हणाली, “आई, हात काढ.”

“काढते.”

“काढला नाहीस. लागतोय की माझ्या पाठीला.”

आईने देवाचं नाव घेतलं आणि हात मागे घेतला. कमळ पाण्यावर राहिलं.

लियान मोठी झाली, स्वतः होडी हाकू लागली. एक दिवस ती जोगिणीची बेटं बघायला निघाली. आईने होडीच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढवला होता. त्यातला एक भोपळा सुकवून, कोरून तिने त्यात प्यायचं पाणी भरलं. दोर लेकीच्या खांद्याला बांधायला ती पुढे झाली, ‘राहू दे’ ओठांवर आलं, आणि तिने ते गिळलं. गाठ लियानने बांधली. चांगली घट्ट बांधली.

त्या रात्री नावाडिणीला झोप लागली नाही. पण कमळं उमलायच्या दिवसांत लियानची होडी परत आली, आणि वल्हं लेकीच्याच हातात होतं.

तात्पर्य इतकंच: लेकराला नुसतं तरंगत ठेवू नये, त्याला पोहता येईल अशी माया करावी.

नदीमाय त्या मायलेकींना पावली, तशी तुमच्या घरालाही पावो. येत्या चातुर्मासात कांदा सोडाल तो सोडाच, पण जोडीला हे एक वाक्यही सोडून पाहा, एवढी माझी विनंती आहे.