राहीआई सुईण आणि मुळावरचा चंद्र

विषय : मौजे आंबेखडक येथील नव्या बाळंतखोलीस कै. राहीआई सुईण यांचे नाव देणेबाबत.
संदर्भ : ग्रामस्थांचा अर्ज. सोबत वाडवडिलांकडून ऐकलेली हकीकत जोडली आहे, ती अशी.

फार वर्षांपूर्वी, आंबेखडकात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मूल जन्मलं की त्या घटकेला चंद्र कोणत्या नक्षत्रात होता, ते पाहायचं. त्यावरून रास, त्यावरूनच नावाचं अक्षर, आणि पुढे लग्न जुळवायलाही तोच चंद्र. सूर्य एवढा थोरला, पण सोयरिकीत त्याला कोणी विचारत नसे.

नक्षत्रांत मूळ वाईट. मुळावरची सून सासऱ्याच्या जिवावर येते, असं म्हणतात. मुळावर मुलगा झाला, तर शांत करून भागत असे.

राहीआई रोज सकाळी दामुभट जोशांच्या ओट्याशी जाई आणि विचारी, आज चंद्र कुठे आणि कधीपर्यंत. जोशांना वाटे, बाई भाविक आहे.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं. त्यामुळे मूल राहीआई सांगेल तेव्हा जन्मे. ती बाहेर थाळी वाजवायला सांगे, आणि थाळी वाजली की जोशी तीच जन्मवेळ वहीत मांडत. मुलगा झाला की थाळी लगेच वाजे. मुलगी झाली आणि चंद्र मुळात असला, की दार बंदच राही. आत पोर मधाचं बोट चोखत गप्प, आणि राहीआई उंबऱ्याशी येऊन सांगे, अजून अवकाश आहे. मग ती आढ्याकडे पाहून चंद्राला म्हणे, "सरक पुढं." आणि तो सरके, असं म्हणतात. पंचांगकर्त्यांच्या हे कधी लक्षात आलं नाही. मुली जन्मायला वेळ लावतात, एवढी समजूत मात्र गावात पक्की झाली.

येसूच्या जन्माच्या वेळी राहीआई तापाने अंथरुणावर होती. मुलीच्या मावशीने हौसेने तत्काळ थाळी वाजवली. जोशांनी वहीत मूळ लिहिलं.

येसू लग्नाची झाली. हैबतरावांच्या मुलाशी बोलणी झाली, सुपारी फुटायची बाकी होती, आणि हैबतरावांनी पत्रिका पाहिली. गडी पन्नाशीचा, एका बैठकीत चार भाकरी खाणारा, पण त्या दिवसापासून त्यांना छातीत धडधडू लागलं. ते म्हणाले, सोयरीक मोडली. हे स्थळ मोडलं, तर मुळावरची म्हणून येसूला दुसरं कोणी करून घेणार नव्हतं. जन्मभर बापाच्या चुलीशी बसायचं. राहीआईला ते कळत होतं, आणि आपला ताप किती महागात पडला, तेही.

देवळापुढे बैठक बसली, तेव्हा ती काठी टेकत आली.

"भटजी, तुमच्या वहीत मुळावरच्या मुली किती?"

जोशांनी चाळीस वर्षांची वही पानोपान चाळली. उन्हं कलली. मुळावरचे मुलगे एकतीस. मुली एक, येसू. जोशी बराच वेळ राहीआईकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात त्यांचे केस पांढरे झाले, असं म्हणतात. जोशांना टक्कल होतं, पण असं म्हणतात.

"दर महिन्याला चंद्र मुळात येतो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं त्या दिवशी गावात नुसते पोरगेच झाले का, भटजी?"

जो तो मनात आपापल्या सुना मोजत होता.

"म्हणजे आमच्या घरातसुद्धा..." हैबतराव म्हणाले.

"तुझी कारभारीण माझ्याच हातची, हैबती. चंद्र कुठं होता, ते सांगू?"

हैबतरावांचे वडील खांबाला टेकून बसले होते. वय ब्याऐंशी, सुपारी स्वतःच्या दातांनी फोडत होते.

"काही सांगू नको, राहीबाई," म्हातारा म्हणाला. "तिच्या हातचं पिठलं मी रोज खातो. आता चव कशाला बिघडवतेस?" मग मुलाकडे वळून म्हणाला, "फोड सुपारी."

येसूचं लग्न झालं. हैबतरावांची धडधड थांबली आणि ते पुढे भाकऱ्या मोजेनासे झाले. राहीआईला कोणत्याही सासऱ्याने कधी काही विचारलं नाही आणि दामुभट ती सांगेल तेच लिहीत राहिले. ती गेली, त्या दिवशी चंद्र मुळात होता, आणि कोणी न सांगता दुप्पट वेळ थांबला, असं म्हणतात.

आजही आंबेखडकात मुलगी झाली की नर्सबाई घड्याळ पाहून वेळ लिहितात. बाहेर घरातली वडीलधारी बाई आकाशाकडे पाहून "सरक पुढं" म्हणते, आणि मगच थाळी वाजते.

अर्ज तालुक्याला पाठवला आहे. तिकडून कै. राहीआई यांच्या जन्माचा दाखला मागितला आहे. तो उपलब्ध नाही, असे कळवले आहे. अर्ज प्रलंबित आहे.