पांढरा खडा

डोंगरांच्या मधोमध कोळंबखोरे नावाचे एक खोरे होते. तिथली माणसे रानातले लाकूड भट्टीत जाळून कोळसा करत आणि त्यावर पोट भरत. त्या राज्याचा राजा एकट्याच्या मर्जीने कारभार करत नसे. प्रत्येक खोऱ्याने आपला एक माणूस राजसभेत पाठवायचा, तिथे सगळ्यांनी मिळून राज्याचे निर्णय घ्यायचे आणि सभा उठली की ज्याने त्याने गावी जाऊन काय घडले ते लोकांना सांगायचे, अशी तिथली रीत होती.

कोळंबखोऱ्याने साळूबाईला पाठवले होते. ती विधवा होती, बोलायला स्पष्ट आणि ऐकून घ्यायला शांत. तिचे नाव सुचवले होते तिच्याच धाकट्या दिराने, सुभानाने. सुभाना स्वतः भट्टीवाला होता.

त्या वर्षी सभेपुढे रानाचा प्रश्न आला. डोंगर उघडे पडत चालले होते. पाच पावसाळे रान बंद ठेवावे, एकही झाड तोडू नये, असा विचार सभेत चालला होता. साळूबाई निघाली तेव्हा खोऱ्याने तिला एकमुखाने बजावले, "काहीही होवो, तू काळा खडा टाक."

सभेत मत द्यायचे ते खडा टाकून. काळा म्हणजे नको, पांढरा म्हणजे हवे. झाकलेल्या रांजणात हात घालून खडा सोडायचा. कुणी कुठला टाकला ते कुणालाही कळत नसे.

साळूबाईने खोऱ्याचे गाऱ्हाणे काहीही न वगळता मांडले. भट्ट्या विझल्या तर चुली विझतील, हे तिने सभेला सांगितले. तिच्यानंतर नदीच्या खालच्या अंगाच्या गावांतून गाऱ्हाणे घेऊन आलेल्या बायका उठल्या. डोंगरावरची माती पावसात वाहून येते आणि आमची शेते गाडून टाकते, असे त्या म्हणाल्या. हिवाळा सरायच्या आत नदी आटते आणि लेकरांना गढूळ पाणी पाजावे लागते. त्या रडल्या नाहीत की त्यांनी कुणाला बोल लावला नाही. साळूबाईला आपल्या खोऱ्यातला झरा आठवला. तोही अलीकडे लवकरच आटू लागला होता. तिने रांजणात हात घातला आणि पांढरा खडा सोडला.

रान बंद झाले.

परतीच्या वाटेवर शेजारच्या खोऱ्याचे भानजीराव तिच्या सोबतीला होते. त्यांच्या खोऱ्यातही भट्ट्या होत्या. आपण पांढरा खडा टाकल्याचे साळूबाईने त्यांना सांगितले. ते म्हणाले, "आत्याबाई, मीही पांढराच टाकला. पण रांजणाला काही तोंड नाही. आपण दोघांनी काळा टाकला म्हणून सांगायचं. लोक हळहळतील, पण आपल्याला दोष देणार नाहीत."

ते म्हणणे साळूबाईला पटू लागले होते आणि त्याचेच तिला भय वाटले.

बाजारच्या दिवशी सगळे खोरे देवळापुढे जमले. साळूबाई पाराच्या कट्ट्यावर उभी राहिली. आधी तिने सांगितले, की घाटातला जकातीचा नाका उठला. लोकांना आनंद झाला. कुणीतरी तिच्या गळ्यात हारही घातला. तिने तो काढून हातात घेतला. म्हणाली, "हे काम भानजीरावांचं आहे. ज्या दिवशी ते नाक्यासाठी भांडले, त्या दिवशी मी तापाने अंथरुणावर होते." लोक हसले. मग ती शेजारच्या राज्याशी चाललेल्या कुरबुरीबद्दल बोलली. सभेने सैन्य न धाडता बोलणी करायचे ठरवले आहे, पण ती फळाला येतील की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असे ती म्हणाली.

मग तिने रानाची बातमी दिली.

सुभाना पुढे आला. "बाकीच्यांपुढे तुमचं चाललं नसेल, वहिनी. निदान आपला एक काळा खडा तरी रांजणात पडला ना?"

"नाही," साळूबाई म्हणाली. "मी पांढरा टाकला."

कुणी ओरडले नाही. ओरडले असते, तर तिला सोपे गेले असते.

"आम्ही तुम्हाला आमचं म्हणणं मांडायला धाडलं होतं," सुभाना म्हणाला.

"ते मी मांडलं, भावजी. पण दुसऱ्यांचं म्हणणंही माझ्या कानांवर पडलं. ते ऐकल्यावर मला काळा टाकवेना." तिने खालच्या गावांची हकीकत सांगितली, झऱ्याचेही सांगितले. मग अंगावरची प्रतिनिधीपणाची शाल काढून पारावर ठेवली. "मी चुकले असं वाटत असेल, तर दुसऱ्या कुणाला पाठवा. मी काय केलं, ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं."

ती घरी गेली. नंतरचे दिवस अवघड होते. पाणवठ्यावर बायका तिच्याशी बोलेनात. सुभानाची बायको चंद्रा वाटेत दिसली, तर मान वळवून निघून जाई. साळूबाईला वाईट वाटे, पण सांगितल्याचा पस्तावा तिला झाला नाही.

एके सकाळी सुभाना दारात उभा राहिला. त्याच्या हातात ती शाल होती.

"तुम्ही केलंत ते आम्हाला पटलेलं नाही," तो म्हणाला. "मला तर मुळीच नाही. दुसरा माणूस निवडायचा म्हणून आम्ही बसलो होतो. पुढे आला तो म्हणाला, तुम्हाला हवं तेच मी सांगेन. तेव्हा चंद्राच बोलली, की हवं तेच सांगणारा तिकडे काय करून येतो, ते आपल्याला कळायचं कसं?" त्याने शाल पुढे केली. "परत जा, वहिनी. भट्टीवाल्यांच्या पोटासाठी सभेकडून काहीतरी मागून आणा. आणि जे मिळणार नाही, तेही येऊन सांगा."

साळूबाईने शाल घेतली. तिचे डोळे भरून आले. ती त्याच दिवशी राजधानीला निघाली.

तिथे ती अडून बसली. तिची सभेत चेष्टा झाली, तरी ती उठली नाही. वाळून पडलेले लाकूड उचलायची मुभा तिने मिळवली. नवी झाडे लावण्याचे आणि रान राखण्याचे काम भट्टीवाल्यांनाच मिळेल, असे ठरवून घेतले. पाच पावसाळ्यांचे तीन मात्र करता आले नाहीत. परत आल्यावर तिने सगळ्यात आधी हेच सांगितले.

ते वर्ष कठीण गेले. काही घरे खोरे सोडून गेली. त्यांना निरोप द्यायला साळूबाई वेशीपर्यंत गेली आणि तिने त्यांचे बोलणे खाली मानेने ऐकून घेतले. सुभाना रानराखा झाला. तो तिच्याशी वाद घालायचा थांबला नाही, पण ती सभेहून यायची असली की देवळापुढे सतरंजी तोच अंथरी.

हळूहळू दुसऱ्या खोऱ्यांतली माणसेही घाट चढून तिथे येऊ लागली. आपल्या गावात एकदा ऐकलेल्या बातम्या त्यांना पुन्हा ऐकायच्या असत. सुभाना सरकून त्यांना जागा करून देई आणि म्हणे, "बसा. इथे वाईट बातमीही मिळेल. पण आमच्या वहिनीच्या तोंडून मिळेल ती खरी असेल."

तात्पर्य: लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने लोकांपासून काही लपवू नये, त्याचा निर्णय त्यांना पटो वा न पटो, त्याच्या खरेपणावरच त्यांचा विश्वास टिकतो.