आगाऊ तळं आणि पाच नंबरची काठी

डुबुक! महाराजांचा चेंडू पुन्हा तळ्यात पडला.

करंजगडचे मानाजीमहाराज रागानं लालेलाल झाले. गोल्फ हा त्यांचा नवा नाद. चेंडू काठीनं टोलवत टोलवत दूरच्या खळग्यात घालायचा. काठ्या पिशवीभर, प्रत्येकीवर नंबर. नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब. हा खळगा होता तळ्यापलीकडच्या हिरवळीवर, आणि हिरवळीच्या मागे निवडुंगाचं रान. काठी कमी पडली की पाणी, जास्त झाली की काटे!

"रावजी!" महाराज गरजले. "ही सात नंबरची काठी तू दिलीस!"

काठ्यांची पिशवी वाहणारा रावजी हात जोडून म्हणाला, "सरकारांनीच मागितली, जी."

"मागणारच! सात नंबरनं माझा चेंडू हे तळं सहज ओलांडतो. सगळे सरदार साक्षीला आहेत! चूक तुझी. परवा सोनगावचे राजेसाहेब खेळायला येताहेत. तोवर कुठली काठी माझा चेंडू नेमका कुठवर नेते, ते शोधून काढ. त्यांच्यासमोर चेंडू पाण्यात पडला, तर तुझी नोकरी गेली आणि घरही खाली करायचं! आणि याद राख, माझा फटका आखूड पडतो असं जो म्हणेल, तो संस्थानाच्या हद्दीबाहेर!"

रावजी घरी आला तो डोकं धरूनच बसला. त्याची मुलगी हौसा गवताचा भारा उतरवत होती.

"काय झालं, आबा?"

"काय सांगू, पोरी! महाराज माळावर सराव करतात, तेव्हा चेंडू कुठं पडला ते बघायला सरदार पुढं उभे असतात. चेंडू पडला रे पडला, की हैबतराव तो पायानं हळूच पुढं ढकलतात. त्यांचं बघून खंडेराव आणखी पुढं! मग दोघंही ओरडतात, 'काय लांब गेला, महाराज!' तळ्यात मात्र ढकलायला कोण उतरणार?"

हौसा खो खो हसली.

"हसतेस काय? बिऱ्हाड उचलावं लागंल!"

"नाही लागायचं. सरदारांचे पाय तेवढे जागच्या जागी राहिले पाहिजेत. ते मी बघते."

सकाळी ती माळावर महाराजांपुढे उभी राहिली. "सरकार, आपल्या फटक्यांचा मान सरदारांना वाटून द्या."

"मान? तो कसा?"

"प्रत्येक काठीला माळाचा एकेक पट्टा. चेंडू जिथवर जाईल, तिथवरचं गवत हैबतरावांच्या घोड्यांना. आणि तिथवर उन्हाळाभर पाणी घालायचं खंडेरावांनी. पदरच्या खर्चानं!"

"वा! मंजूर!" महाराज खूश झाले. हैबतरावांनी मिशीवर ताव दिला. खंडेरावांचं तोंड एवढंसं झालं.

महाराजांनी पहिला फटका मारला. चेंडू पडला आणि हैबतरावांचा पाय सवयीनं पुढं सरकला.

"खबरदार!" खंडेराव किंचाळले. "पाय मागं घ्या!"

"मग तुम्ही का वाकलात? चेंडू मागं ओढताय?"

"मी? मी तर त्याची धूळ पुसतोय!"

"राहू द्या धूळ! आमचे घोडे धुळीला नाही म्हणत नाहीत!"

दोघं सरदार चेंडूच्या दोन बाजूंना उकिडवे बसले. हे त्यांना हात लावू देईनात, ते यांना! चेंडू बिचारा पडला तिथंच राहिला. असे प्रत्येक काठीनं पुष्कळ फटके झाले. एखादा चुकून लांब गेला, की हैबतराव नाचायचे, "हाच धरा!" एखादा घसरला, की खंडेराव म्हणायचे, "हाच खरा!"

"चेंडू जिथं बहुतेक वेळा पडतात, तीच त्या काठीची जागा," हौसा म्हणाली आणि तिथं तिनं बांबू रोवला.

मग बापलेकीनं तळ्यापलीकडच्या हिरवळीपर्यंतचं अंतर दोरानं मोजलं आणि तोच दोर महाराज उभे होते तिथून माळावर ताणला. सात नंबरचा बांबू दोराच्या बराच अलीकडे राहिला. पाच नंबरचा बरोबर टोकाला! महाराजांनी पाहिलं, ओठ आवळले आणि तडक वाड्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सोनगावचे राजेसाहेब आले. तळ्याशी पहिला फटका त्यांचा. सात नंबरची काठी, आणि चेंडू थेट हिरवळीवर!

"या, मानाजीराजे!" ते हसून म्हणाले. "सात नंबर घ्या. पोरखेळ आहे!"

महाराजांनी हात पुढं केला. "रावजी, सात नंबर!"

रावजी पिशवीत चाचपडत राहिला. हौसानं पिशवीतून काठी ओढली आणि अदबीनं पुढं धरली. पाच नंबरची!

दोन्ही सरदार आपापल्या जोड्यांकडे बघू लागले.

"म्हणजे," महाराज हळू आवाजात म्हणाले, "माझा फटका आखूड, असं म्हणायचंय तुला?"

"छे छे, सरकार! फटका अगदी जिथं पडायचा तिथंच पडतो. आगाऊपणा सगळा या तळ्याचा! सरकारांचा सात नंबरचा चेंडू जिथं उतरतो, नेमकं तिथंच हातपाय पसरून बसलंय. अशा आगाऊच्या नादी कशाला लागायचं? पाच नंबरनं त्याच्या डोक्यावरून जावं, आणि त्यानं बघत बसावं!"

सोनगावकरांना हसू आवरेना. महाराजांची मिशी जरा थरथरली. त्यांनी पाच नंबरची काठी घेतली, पाय रोवले आणि फटका मारला. चेंडू पाण्यावरून गेला आणि खळग्याच्या अगदी शेजारी टेकला!

मग मात्र महाराज असे हसले, असे हसले, की काठीचा आधार घ्यावा लागला.

"काय गं पोरी, हे तळं आगाऊ आहे म्हणतेस?"

"फार आगाऊ, सरकार!"

"मग आजपासून ते तुझ्या ताब्यात! त्यातले मासे तुझे, शिंगाडे तुझे, काठची आमराईही तुझी. चांगलं धाकात ठेव त्याला! आणि यापुढं काठी निवडायची ती रावजीनं. मी मागितली, तरी माझं ऐकायचं नाही!"