पालावरचा पत्ता

माझी बहीण शेवंता सरकारी दवाखान्याच्या पायरीवर कळा सोसत बसली होती आणि खिडकीतला बाबू म्हणत होता, "पत्ता नाही, तर केसपेपर नाही. तुम्ही फिरते घिसाडी, आज इथं, उद्या तिथं." आमचे बाप-चुलते मान खाली घालून "साहेब, साहेब" करत राहिले. जन्मभर त्यांनी तेवढंच केलंय. मी शाळा सोडलेला, नुसता दात खात उभा.

झेलूआत्या पुढं झाली. "साहेब, मार्चात नसबंदीच्या शिबिराला बाया कमी पडल्या, तेव्हा तुमचीच जीप माळावर आमची पालं शोधत आली. मला घेऊन गेली."

"मग?"

"तेव्हा माझ्या कागदावर पत्ता काय लिहिला होता? मूल बंद करायला जो चालला, तोच आता मूल जन्माला घालायला लिहा."

रांगेतली माणसं हसली. आतून डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "शिबिराचं रजिस्टर काढा बरं." बाबूनं गुपचूप केसपेपर लिहायला घेतला.

शेवंताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाप आता सांगत फिरतो, बाबूला आपणच गप्प केलं. फिरू दे. मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी मनापासून पाया पडलो, झेलूआत्याच्या.